कामास योग्य

बलगासमला बघायला येणारा प्रत्येक माणूस उठताना एकच वाक्य बोलायचा. "देवाची कृपा! अगदी पहिल्यासारखा दिसतोय हो." आणि बलगासमची बायको मबरूका दाराशी उभी राहून, तोंडावर हसू चिकटवून, "हो ना, त्याचीच कृपा," म्हणायची. दार लागलं की तिला वाटायचं, त्या शहाण्याची मान धरावी, परत आत आणावं आणि म्हणावं, बस इथे संध्याकाळच्या बांगेपर्यंत. एक पेला चहा ढोसून काय कळतंय तुला? दिवसभर बस, मग सांग कुणासारखा दिसतो ते.

पण बसतंय कोण! नेफ्ता गावात आजाऱ्याला बघायला येणारा पंधरा मिनिटं बसतो, चहा घेतो, दुआ देतो आणि आपल्या कामाला लागतो. आणि पंधरा मिनिटं बलगासम एकदम झकास असायचा. सगळी गोम तिथेच होती. पाहुणा आला की हा उठून उभा राहणार, छातीवर हात ठेवणार, त्याची तब्येत विचारणार, बापाची विचारणार, बकऱ्यांची विचारणार. ते सगळं लहानपणापासून जिभेवर बसलेलं. त्याला मेंदू कशाला लागतोय? पाहुणा गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत याचा चेहरा उतरायचा, आणि मग मबरूका होती आणि तिचं नशीब होतं.

दोन वर्षांपूर्वी, मादी खजुरीच्या फुलोऱ्यात नराचे तुरे बांधायच्या दिवसांत, तो झाडावरून पडला. चाळीस वर्षांचा गडी, अनवाणी चढणारा, पंधराव्या वर्षापासून झाडावर. मजूर म्हणायचे, बलगासम जमिनीवर चालताना अवघडतो. पाणी दिलेल्या मऊ मातीत पडला म्हणून हाडं वाचली; एक गळपट्टीचं हाड तेवढं गेलं. डोकं मात्र पाटाच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं. अकरा दिवस तो मोठ्या शहरातल्या इस्पितळात डोळे मिटून पडला होता. सोडताना तिथला म्हातारा डॉक्टर म्हणाला, "कपाळामागचा मेंदू ठेचलाय, बाई. तो चालेल, बोलेल. पण माणूस तोच असेल, असं मी सांगत नाही."

मबरूकानं 'चालेल, बोलेल' एवढंच ऐकलं. पुढचं ऐकायला जागाच नव्हती डोक्यात. घरी आल्यावर थोरल्या दिरानं, लामीननं, मेंढा कापला आणि सगळ्या गल्लीला कुसकुस घातलं. बलगासमनं त्या दिवशी चार माणसांचं जेवण एकट्यानं जेवलं. लोक म्हणाले, भूक लागली हे चांगलं लक्षण. मबरूकाही तेच म्हणाली.

मग एकेक बाहेर यायला लागलं. खायला बसला की थांबायचा नाही. ताट ओढून घ्यावं लागायचं. ताट ओढलं की शिव्या. ज्या माणसानं वीस वर्षांत तिला 'ए' म्हणून हाक मारली नव्हती तो अशा शिव्या द्यायचा की भिंतीआडच्या कोंबड्या गप्प व्हाव्यात. पाच मिनिटांत तोच ढसाढसा रडायचा. कशासाठी, ते त्यालाच माहीत नसायचं. "ऊठ" म्हटलं तर उठायचा, "तोंड धू" म्हटलं तर धुवायचा. नाही म्हटलं तर दुपारपर्यंत एका जागी बसून राहायचा, लघवी झाली तरी. एकदा मुलीच्या, सबरियाच्या, मैत्रिणी अंगणात बसल्या होत्या. उकडतंय म्हणून हा त्यांच्यासमोर कपडे काढून उभा राहिला. त्या दिवसापासून सबरिया कुणाला घरी आणत नव्हती.

आणि आठवण? कालचं म्हणाल तर आज कोरी पाटी. त्याची आई वारली, त्या दिवशी दफनाला हा मोठमोठ्यानं हसला. लोक म्हणाले, दुःखानं भान सुटलं बिचाऱ्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "आई कुठाय?" मबरूकानं सांगितलं. तो रडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. महिनाभर तिनं रोज सकाळी त्याची आई नव्यानं मारली. शेवटी कंटाळून म्हणायला लागली, "गेलीय बहिणीकडे." हे खोटं बोलताना तिला इतका संताप यायचा की हातातली किटली आपटावीशी वाटायची. कधी कधी आपटायचीही.

हे सगळं तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याची लाज म्हणजे घराची लाज, आणि देव जे झाकतो ते माणसानं उघडू नये, असं तिला आईनं शिकवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त शेजारची ओमहानी भिंतीवरून ऐकायची, तिला सांगावंच लागत नव्हतं. तिचा भाऊ खाणीत अपघात होऊन असाच झाला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं.

ओमहानीनंच तिला समितीबद्दल सांगितलं. जिल्ह्याच्या गावी महिन्यातून एकदा तीन जण बसतात, माणूस तपासतात आणि काम जमणार नाही असा दाखला देतात.

"दाखला मिळाला की कुणी त्याला झाडावर चढवणार नाही बघ," ओमहानी म्हणाली. "तोंडानं सांगून ऐकणारी माणसं नाहीत ही. कागदावर शिक्का असला की यांची तोंडं बंद."

मबरूकाला तेच हवं होतं. कारण यंदा बलगासमनं झाडाचा धोशा लावला होता. खजूर पिवळा पडायला लागला तसा तो रोज विळा मागायचा. तिनं विळा ओमहानीच्या चुलीमागे दडवला होता. आणि का दडवला होता ते ओमहानीलासुद्धा पुरतं सांगितलं नव्हतं. लामीनचंही चाललं होतं, "येऊ दे त्याला बागेत." लामीन खजूर उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम. चढणारी पोरं सगळी समुद्रापार पळालेली, उरलेल्यांचे गुडघे गेलेले. पण खोटं कशाला बोला, लामीनला नुसता मजूर नको होता. त्याला त्याचा भाऊ परत हवा होता.

"माणूस जिथे हरवला तिथेच सापडतो," तो म्हणायचा. "झाडावर गेला की बघ कसा बरा होतो ते. तू त्याला बायकांत बसवून बसवून बिघडवलंस."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मबरूका कणीक तिंबताना परातीला सगळं ऐकवायची.

समितीच्या आदल्या दिवशी ओमहानीनं भिंतीवरून बजावलं, "हे बघ, आहे तसा ने. दाढी वाढलेली, कपडे मळलेले. सकाळी ऊठ म्हणू नकोस, तोंड धू म्हणू नकोस. त्यांना दिसू दे."

"बरं," मबरूका म्हणाली.

आणि पहाटे उठून तिनं पाणी तापवलं! अहो, काय करणार ती तरी? हकिमासमोर, सरकारसमोर नवरा मळक्या कपड्यात, लघवीच्या वासात न्यायचा? जिवंत बायको असताना? तिनं त्याची दाढी केली, नखं काढली, लग्नातला पांढरा पायघोळ जेब्बा इस्त्री करून घातला, लाल टोपी सारखी केली, कानामागे अत्तर लावलं. बसमध्ये बायका वळून वळून बघत होत्या. इतका देखणा नवरा! मबरूकाला त्या दिवशी, खरं सांगायचं तर, थोडं बरंसुद्धा वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते तिला दुपारी कळलं.

सकाळी आठला गेलेले ते, नंबर लागला साडेबाराला. टेबलामागे तिघे. मधली डॉक्टरीण तरुण, दमलेली, घड्याळाकडे बघणारी. बलगासम आत शिरला, छातीवर हात ठेवून तिघांना वेगवेगळा सलाम केला आणि म्हणाला, "लांबून आलात आमच्यासाठी. देव तुमच्या आईबापांना आयुष्य देवो."

डॉक्टरिणीचा चेहरा उजळला. सकाळपासून तिच्याशी कुणी धड बोललं नसावं.

"नाव?" त्यानं सांगितलं. "वय?" दोन वर्षांनी कमी सांगितलं, पण ते कोण बघतंय. "आज वार कोणता?" बाहेर बसल्या बसल्या चार तास लोक 'आजच मंगळवार आहे का' म्हणून भांडत होते. "मंगळवार," तो म्हणाला. "काम काय करता?"

"खजुरीवर चढतो. तुम्ही या बागेत. असा देगला खायला घालीन की शहरातला खजूर गुरांना टाकाल."

तिघे हसले. हसले!

"काही त्रास?"

"हमदुलिल्ला, काही नाही. तक्रार कशाची करायची?"

"तसं नाहीये, डॉक्टर," मबरूका पुढे सरकली. "तो घरी..."

"त्यांना बोलू द्या ना, बाई. त्यांचं तोंड त्यांना आहे."

"त्यांचं तोंड आहे हो, पण..." आणि ती अडकली. समोर दोन परके पुरुष. बाजूला नवरा, अत्तर लावलेला, तिच्याकडे विश्वासानं बघणारा. काय सांगणार होती? मुलीच्या मैत्रिणींसमोर काय झालं ते? रात्रीचं अंथरूण रोज धुवावं लागतं ते? शेवटी म्हणाली काय, तर, "तो... जरा चिडतो."

"या उकाड्यात कोण चिडत नाही?" टोकाचा गृहस्थ म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. बलगासमही हसला.

इस्पितळातली मेंदूची चित्रं तिनं पिशवीतून काढली. डॉक्टरिणीनं खिडकीकडे धरून पाहिली. "ही दोन वर्षांपूर्वीची. नवी काढून आणा, पुन्हा बघू." नवी काढायला नंबर आठ महिन्यांनी होता. ठप्पा पडला. कामास योग्य.

बाहेर जिन्यावर मबरूका मटकन बसली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. दोन वर्षं मरमर मरून एक संधी आणली होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं साबण लावून धुतली होती.

"कसा बोललो मी?" बलगासमनं विचारलं.

"छान बोललास," ती दात आवळून म्हणाली. "मेलं तुझं बोलणं. छानच बोललास."

कागद लामीननं पाहिला आणि तो ओरडलाच. भावाला मिठी मारली. मबरूकानं हात जोडायचे बाकी ठेवले होते. "लामीन, त्याला तोल नाही. त्याला राग आला की काही सुधरत नाही. चढायचं कळेल, उतरायचं कळणार नाही!"

"डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं?"

"हो! कळतं! वीस वर्षं त्याच्या शेजारी झोपतेय मी!"

"मग सांग ना, काय होतं त्याला? सांग."

दीर उभा, नवरा उभा, सबरिया दारात. मबरूकानं बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. आपलेच दात, आपलेच ओठ. लामीननं खांदे उडवले. "बघ. सांगायला काही नाहीच. सोमवारपासून उंच झाडं घेतोय आम्ही. तो वर असेल, मी त्याच्या खाली, पहिल्यासारखा."

देगला खजूर उतरवायची रीत अशी. सगळ्यात वर कापणारा, शेंड्यात बसलेला, दातेरी विळा घेऊन. त्याच्या खाली खोडावर एकाखाली एक चौघे-पाचजण, फांद्यांच्या खुंटांवर पाय रोवून. वरच्यानं घड कापायचा, खालच्याच्या हातात द्यायचा, त्यानं त्याच्या खालच्याच्या, असा तो घड न आदळता जमिनीवर पोचतो. त्यात प्रत्येकाचा जीव वरच्याच्या हातात. म्हणून वर कोण जाणार हे मुकादम ठरवतो खरा, पण खालच्यांनी 'हो' म्हणावं लागतं.

सोमवारी मबरूका उठली तर अंथरूण रिकामं. लामीन उजाडताच येऊन त्याला घेऊन गेला होता. ती डोक्यावर फडकं घेऊन धावत सुटली. बागेत पोचली तेव्हा बायका खाली खजूर निवडायला चटया पसरत होत्या आणि पुरुष झाडाभोवती उभे होते, खुशीत. "उस्ताद आला रे!" कुणी म्हणत होतं. बलगासमच्या खांद्यावर विळा. लामीननं स्वतःचा दिला होता. एक तळवा खोडावर टेकवलेला. त्याचा चेहरा तिनं दोन वर्षांत असा पाहिला नव्हता, इतका शांत. तेवढंच बघून ती परत फिरली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

"नको जाऊ! उतरव त्याला!" ती ओरडली.

"चढलोच नाहीये अजून," बलगासम म्हणाला. सगळे हसले.

"मबरूका, घरी जा," लामीन दबक्या आवाजात म्हणाला. "चार माणसांत तमाशा नको."

चार माणसांत. तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तिच्या मनात एकच हिशेब आला आणि तो तिला अगदी बिनचूक वाटला: याला उद्या सकाळी काही आठवणार नाही. यांना मात्र जन्मभर आठवेल.

"ऐका तर मग!" ती म्हणाली. "पंधरा मिनिटं बघता ना त्याला? हा अंथरूण ओलं करतो. रोज. मी धुते. हा माझ्या पोरीच्या मैत्रिणींसमोर नागडा उभा राहिला. हा दफनाला हसला ते दुःखानं नाही, त्याला काही कळतच नव्हतं म्हणून हसला! ऊठ म्हटल्याशिवाय हा उठत नाही, गिळ म्हटलं की थांबत नाही. आणि गेल्या महिन्यात भाकर करपली म्हणून यानं माझ्यावर विळा चालवला. हाच हात. हे बघा!" तिनं बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत दातेरी वण होता. "आता कोण उभं राहतंय याच्या खाली? राहा! लामीन, तू राहा!"

बायकांनी पदर तोंडावर घेतले. बलगासम खोडाला हात लावून उभाच होता आणि एकेका चेहऱ्याकडे बघत होता. ज्याच्याकडे बघेल तो मान खाली घालत होता.

मग एकजण खोडापासून बाजूला झाला. "मला पोरं आहेत," तो पुटपुटला. त्याच्यामागे दुसरा. लामीननं तो वण पाहिला. मग भावाकडे न बघता त्यानं त्याच्या खांद्यावरचा विळा काढून घेतला.

"घरी ने त्याला," तो म्हणाला. "पण हे तू मला एकट्याला सांगायचं होतंस."

"तुला?" मबरूका म्हणाली. "तुला दोन वर्षं सांगतेय रे मी!" पण आता तिच्या आवाजात जोर राहिला नव्हता.

घरी बलगासम जेवला, आश्चर्य म्हणजे अर्ध्यावर थांबला. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडला. मबरूकानं भांडी घासली, अंगण झाडलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा झाला. आता कुणी बोलवायला येणार नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही. उद्या तो विळा मागेल, तेव्हा काय सांगायचं तेही तिनं ठरवून टाकलं. धार लावायला दिलाय म्हणायचं.

सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा तो उठून बसला होता. कुणी ऊठ न म्हणता. तोंडही धुतलेलं होतं. तिनं चहा ओतला आणि वाट बघितली. त्यानं विळा मागितला नाही.

"तू काल सांगितलंस," तो म्हणाला.

मबरूकानं किटली खाली ठेवली. "काय सांगितलं?"

"सगळ्यांना." आणि त्यानं तिला ऐकवलं. अंथरूण. पोरी. दफन. भाकर. त्याच क्रमानं, तिच्याच शब्दांत, एकही न चुकता. मजुरांतला पहिला कोण बाजूला झाला, त्याचं नावसुद्धा. आईचं मरण ज्याच्या डोक्यात एक रात्र टिकलं नाही, मुलीचा वाढदिवस टिकला नाही, त्याच्या डोक्यात हे रात्रभर टिकलं होतं. आणि पुढेही ते कधी पुसलं गेलं नाही.

"मग काय करायचं होतं मी?" ती किंचाळली. "सांग ना! वर गेला असतास तर मेला असतास! जिवंत आहेस ना? जिवंत आहेस ना माझ्यामुळे?"

तो सावकाश चहा प्यायला, आणि रिकामा पेला तिनं पुढे केलेल्या हातात न देता खाली चटईवर ठेवला.